साठ कामं हातात, आणि एकही वेळेवर नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

छपाई आणि डिझाइनचा छोटा व्यवसाय मी आठ वर्षं चालवते आहे. दोन डिझायनर, एक जण मशीनवर, एक कटिंग-बाइंडिंगला आणि मी, असे आम्ही पाच जण. व्हिजिटिंग कार्ड, पत्रकं, लेबलं, छोटी खोकी अशी रोज सरासरी सहा नवी कामं येतात. कुठल्याही दिवशी मोजलं तर साठेक कामं अर्धवट असतात. ग्राहकाला पाच दिवस सांगतो, लागतात दहा-बारा. 'आमचं काम कुठवर आलं' असे फोन दिवसभर घेते, त्यामुळे तपासायची कामं संध्याकाळवर जातात. आठवड्याचे सहा दिवस रोज बारा तास जातात. कोटेशन, पहिलं प्रूफ (ग्राहकाला दाखवायचा नमुना) आणि छपाईला जाणारी शेवटची फाइल मी पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, कारण एका मोठ्या कामात पूर्वी फोन नंबर चुकीचा छापला गेला होता. गेल्या वर्षी विक्री वाढली, हातात उरलं तेवढंच. आणखी एक डिझायनर ठेवू की कामाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घेऊ, अशा विचारात आहे. भाऊ म्हणतो, काम कमी कर. मला ते पटत नाही. नकार दिला तर लोक दुसरीकडे जातील. आणि मालकानंच काम कमी करायचं म्हणजे आळस नाही का?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही पत्रात एक आकडा जाता जाता लिहिला आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. साठ कामं अर्धवट, रोज सहा नवी, आणि ढीग तेवढाच राहतो म्हणजे बाहेरही सहाच पडतात. साठ भागिले सहा म्हणजे दहा. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे गणित म्हणून सिद्ध केलं: एखाद्या व्यवस्थेत सरासरी जेवढी कामं पडून असतात, त्याला रोज बाहेर पडणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला सरासरी किती दिवस लागतात ते मिळतं. तेव्हा तुमचे दहा-बारा दिवस कुणाच्या निष्काळजीपणातून आलेले नाहीत. रात्री बसून एखादं काम पुढे काढता येतं, पण तेवढ्यानं दुसरं मागे पडतं. पाच दिवसांचा शब्द पाळायचा असेल तर एका वेळी तीसच कामं हातात असायला हवीत. तुमच्या भावाचं 'काम कमी कर' मी असं वाचतो: वर्षभरातली कामं तेवढीच ठेवा, एका वेळी उघडी असलेली निम्मी करा.

आता दुसरी मोजणी. नुकतीच बाहेर पडलेली दहा कामं घ्या आणि प्रत्येकाच्या जॉब कार्डवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, बघा, प्रत्यक्ष हात किती वेळ लागला. कोटेशन, डिझाइन, दुरुस्त्या, प्लेट (मजकूर उतरवलेला छपाईचा पत्रा), छपाई, कटिंग मिळून साध्या कामाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त निघणं कठीण आहे. शाई वाळायचे तास वेगळे धरले तरी दहा दिवसांतला बहुतेक काळ ते काम नुसतं पडून होतं. कुठे पडून होतं, हेही तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या टेबलावर, आणि तेही तीनदा.

इथे थोडं थांबून हिशेब करू. रोज सहा कामं, प्रत्येक काम तुमच्याकडे तीनदा, म्हणजे दिवसाला अठरा खेपा. दर खेपेला पंचवीस मिनिटं धरली तर ४५० मिनिटं, साडेसात तास. फोन, पैशांचा पाठपुरावा आणि माणसांचे प्रश्न वगळून तपासणीला तुम्ही खरेखुरे आठ तास देता असं मानू. म्हणजे आठातले साडेसात तास भरलेले आहेत. कागदावर हे छान दिसतं, अर्धा तास शिल्लकच आहे. पण कामं घड्याळ लावून एकामागून एक येत नाहीत. कधी एका तासात चार येतात, कधी दोन तास काहीच नाही. एखादं दहा मिनिटांत होतं, एखादं तासभर खातं. अशा अनियमित रांगेचा एक ठोकताळा आहे: जेवढा भाग भरलेला, त्याला जेवढा मोकळा त्यानं भागा. साडेसात भागिले अर्धा, म्हणजे पंधरा. तुमच्या पंचवीस मिनिटांच्या नजरेसाठी प्रत्येक काम सरासरी त्याच्या पंधरापट, म्हणजे सव्वासहा तास वाट बघतं. तीन खेपांचे मिळून जवळजवळ एकोणीस तास. आठ तासांच्या हिशेबानं हे दोन दिवसांहून अधिक झाले, आणि ज्या दिवशी फोनच फोन येतात त्या दिवशी याहूनही जास्त.

आता तीनपैकी एकच खेप काढून टाका. रोज बारा खेपा, ३०० मिनिटं, पाच तास. आठातले पाच भरलेले, तीन मोकळे. पाच भागिले तीन म्हणजे एक पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणून दर खेपेची वाट सुमारे बेचाळीस मिनिटं. तुमचं काम एक तृतीयांशानं कमी झालं, रांगेतली वाट मात्र एक नवमांशावर आली. तुमच्याकडचे खरे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, कारण ठोकताळा कामं अगदी बेभरवशाची येतात असं मानून चालतो. पण वळण हेच राहील: माणूस पूर्ण भरत आला की शेवटचा थोडासा भार सगळ्यात महाग पडतो. म्हणून म्हणतो, मालकाच्या दिवसातला मोकळा वेळ हा या व्यवसायाचा खरा साठा आहे. त्याला आळस म्हणू नका.

याच हिशेबात नव्या डिझायनरचंही उत्तर आहे. तो आला, मन लावून काम करू लागला, आणि रोज सहाऐवजी सात कामं तुमच्यापर्यंत आली, तर एकवीस खेपा होतात. म्हणजे ५२५ मिनिटं, पावणेनऊ तास. आठ तासांत पावणेनऊ तासांचं काम संपत नाही, रांग रोज वाढत जाते. आत्ताच्या घडीला डिझायनर वाढवणं म्हणजे अरुंद दारासमोर गर्दी वाढवणं. सॉफ्टवेअरही ढीग नीट मांडून दाखवेल, कमी करणार नाही. ते विकत घेण्याआधी भिंतीवरच्या फळ्यावर दोन महिने काढा. तोवर कुठल्या नोंदी खरंच लागतात ते कळेल.

मग कुठली खेप काढायची? मी निवड अशी करेन: जिथे चूक झाली तर नंतर दुरुस्त करता येते तिथून तुमची नजर काढा, आणि जिथे ती परत घेता येत नाही तिथे ठेवा. कोटेशन चुकलं तर एका कामाचा नफा थोडा घटतो. पहिलं प्रूफ चुकलं तर पुन्हा पाठवता येतं. प्लेट बनून मशीन फिरलं की कागद गेला. म्हणून सुरुवात कोटेशनपासून.

कोटेशनसाठी दरांचा तक्ता बनवा. तुमच्याकडची मागच्या तीन महिन्यांची कामं काढून आकार, नग, कागद आणि फिनिशिंग अशा चार रकान्यांत लिहा. बहुसंख्य कामं त्याच पंधरा-वीस मेळांत बसलेली दिसतील. नगांचे टप्पे ठेवा, ५००, १०००, २०००, ५०००, आणि मधला आकडा आला तर वरच्या टप्प्याचा दर सांगा. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च ५०० नगांना आणि ५००० नगांना जवळपास तेवढाच असतो, म्हणून दर सरळ नगानं गुणून कधीच काढू नका. लहान कामात नुकसान होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. लॅमिनेशन, क्रीजिंग (घडीची रेघ पाडणं), डाय कटिंग (साच्यानं आकार कापणं), नंबरिंग यांचे दर वेगळ्या ओळीत. तक्त्यात बसतं त्याचं कोटेशन कुणीही द्यावं, तुम्हाला न विचारता. बसत नाही तेवढंच तुमच्याकडे. कागदाचे भाव बदलतात म्हणून महिन्याच्या पहिल्या दिवशी तक्ता तपासायचा आणि प्रत्येक कोटेशनवर पंधरा दिवसांची मुदत छापायची. पहिल्या महिन्यात दोन-तीन कोटेशनं कमी दराची जातील. जाऊ द्या. ती चूक धरून तक्ता सुधारा, अधिकार परत घेऊ नका.

पहिल्या प्रूफची खेप दुसऱ्या टप्प्यात जाईल. तिथे अडचण तांत्रिक कमी आणि मनाची जास्त आहे, हे मी समजू शकतो. त्या चुकीच्या फोन नंबरनं तुम्हाला फार त्रास दिला असणार. पण जरा शांतपणे विचार करा: बारा तास काम केल्यावर, त्याच ओळी तिसऱ्यांदा बघताना, दहा आकड्यांतला एक चुकीचा आकडा डोळ्याला खरंच दिसतो का? ओळखीचा मजकूर आपण वाचत नाही, ओळखतो. नंबर तपासायची खात्रीची पद्धत म्हणजे प्रूफवर छापलेला नंबर फोनवर लावून बघणं. पत्ता आणि नावं ग्राहकाच्या मूळ मजकुराशी ताडायची. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून बघायचं, आणि ज्यानं टाइप केलं त्यानं तपासायचं नाही. क्यूआर कोड पडद्यावरून स्कॅन करायचा नाही, छापायच्या मापात कागदावर काढून करायचा. वेबसाइटचा पत्ता उघडून बघायचा. तारखेशेजारी वार लिहिला असेल तर कॅलेंडर काढून जुळवायचा. हे दोन्ही डिझायनर एकमेकांच्या कामासाठी करू शकतात, आणि तुमच्या थकलेल्या नजरेपेक्षा ते जास्त भरवशाचं आहे.

छपाईच्या फाइलसाठी वेगळी यादी, जॉब कार्डच्या मागच्या बाजूला छापलेली. कापाच्या रेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून वाढवलेली छपाई. मजकूर कापापासून निदान ५ मिमी आत. फोटो छापायच्या मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). छोटा फोटो ओढून मोठा केलेला चालत नाही. सगळे रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, नाहीतर पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो आणि ग्राहक तुम्हाला बोल लावतो. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के. चार रंगांचा काळा असेल तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना सावली येते. फाँट पीडीएफमध्ये एम्बेड केलेले, म्हणजे फाइलमध्येच बसवलेले. तीन पानांत दुमडलेलं पत्रक असेल तर आत दुमडणारं पान इतरांपेक्षा १ ते २ मिमी अरुंद, नाहीतर घडी फुगते. खोक्यासाठी डायची रेषा वेगळ्या लेयरवर, छपाईत जाणार नाही अशी. यादी दहा ओळींच्या पुढे नेऊ नका. तीस ओळींच्या यादीवर लोक न वाचता खुणा करतात. प्रत्येक ओळीपुढे तपासणाऱ्याची सही हवी, कारण नुसती बरोबरची खूण कुणाचीच नसते.

शेवटची फाइल सध्या तुमच्याचकडे राहू द्या. दोन महिन्यांनी तीही वाटता येईल. जसंच्या तसं पुन्हा छापायचं काम तुम्ही बघायचं कारणच नाही, फक्त जुनीच फाइल चालली आहे ना याची खात्री हवी. नव्या कामांत, पुन्हा छापावं लागलं तर किती खर्च येईल यावर एक मर्यादा ठरवा. त्याखालचं डिझायनरच्या सहीवर, त्यावरचं तुमच्या. ही मर्यादा लिहून लावा. तोंडी ठेवली की प्रत्येक जण 'एकदा बघून घ्या ना' म्हणत येतो, आणि तुम्ही बघता.

दुरुस्त्यांकडे बघितल्याशिवाय मात्र एवढ्यानं भागणार नाही. महिनाभर प्रत्येक परत आलेल्या प्रूफवर कारण लिहा, एका शब्दात: मजकूर बदलला, आमची चूक, फोटो खराब, रंग आवडला नाही, दुसऱ्याच माणसानं बदल सांगितले. महिन्याच्या शेवटी मोजा. बहुतेक दोष थोड्याच कारणांतून येतात, हे जोसेफ जुरान यांनी गुणवत्तेच्या कामात मांडलं आणि इटालियन अर्थशास्त्रज्ञ पॅरेटो यांच्या नावानं रूढ केलं. ऐंशी टक्के दोष वीस टक्के कारणांतून, हे त्यातलं प्रमाण अक्षरशः धरू नका. तुमच्याकडे कुठली दोन कारणं वरचढ आहेत तेवढंच बघा. अशा व्यवसायात ती बहुधा हीच असतात: मजकूर तुकड्यातुकड्यांनी आलेला, आणि मंजुरी देणारी माणसं एकाहून अधिक. दोन्हींवर उपाय डिझाइन सुरू होण्यापूर्वीच करता येतो. पूर्ण मजकूर एकाच फाइलमध्ये मिळाल्याशिवाय काम डिझायनरकडे जाणार नाही. मंजुरी देणाऱ्या एकाच व्यक्तीचं नाव जॉब कार्डवर. दोन फेऱ्या दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, आणि हे कोटेशनवरच छापलेलं. आपल्या चुकीची फेरी मात्र कधीही मोजू नका. ग्राहकाला ती लबाडी लगेच कळते.

आता साठावरून तीसवर कसं यायचं. भिंतीवर मोठा फळा लावा, प्रत्येक कामाला एक कार्ड. रकाने असे: थांबलेली, डिझाइन, ग्राहकाच्या मंजुरीत, शेवटची तपासणी, मशीन, फिनिशिंग, तयार. डिझाइनमध्ये एका डिझायनरकडे एका वेळी तीनच कार्डं. शेवटच्या तपासणीत चारच. जागा मोकळी झाली की मागच्या रकान्यातून पुढचं कार्ड ओढायचं, कुणी पुढे ढकलायचं नाही. तपासणीत चार कार्डं साचली तर डिझायनरनं नवं काम सुरू करायचं नाही, साचलेल्याची मजकूर-तपासणी करायला यायचं. सुरुवातीला रोज सहा कामं बाहेर काढत राहा, आत चारच सोडा. पंधरा कामाच्या दिवसांत साठाची तीस होतील.

तुम्ही विचाराल, मग बाकीची दोन बाहेर थांबणारच ना? हो, थांबतील, आणि यात लपवण्यासारखं काही नाही. पण न सुरू केलेलं काम आणि अर्धवट काम यांत मोठा फरक आहे. न सुरू केलेल्या कामात दुरुस्त्या येत नाहीत, फायली हरवत नाहीत, कागद अडकत नाही, आणि डिझायनरला चार कामांत मन विभागावं लागत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मधल्या संशोधनात दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो. त्या तीन आठवड्यांत नव्या ग्राहकाला खरी तारीख सांगा: 'तुमचं डिझाइन अमुक तारखेला सुरू होईल, मंजुरीनंतर पाच कामाच्या दिवसांत माल मिळेल.' दिवस मंजुरीपासून मोजायचे, ऑर्डरपासून नव्हे. ग्राहकाकडे पडून असलेल्या प्रूफचे दिवस तुमच्या खात्यावर घेऊ नका. सात दिवस उत्तर नाही आलं तर कार्ड फळ्यावरून काढून बाजूला ठेवायचं, आणि हे ग्राहकाला आधी सांगून ठेवायचं.

फोनबद्दल थोडक्यात, कारण कामं वेळेवर जाऊ लागली की बरेच फोन आपोआप थांबतील. ते उशिराचेच फोन आहेत. तोवर तीन वेळा आपणहून निरोप पाठवा: प्रूफ गेलं तेव्हा, मंजुरी मिळाली तेव्हा तारखेसह, आणि माल तयार झाल्यावर. सकाळचे पहिले अडीच तास फोन दुसऱ्या कुणाकडे द्या आणि त्या वेळात शेवटच्या फायली तपासा. तपासणी संध्याकाळवर ढकलणं ही तुमच्या दिवसातली सगळ्यात महाग सवय आहे, कारण मशीनवरचा माणूस सकाळी तुमची वाट बघत बसतो.

मशीनवरही कमी करण्यासारखं बरंच आहे. कार्डासाठीचा जाड कागद, समजा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशीच लावा. एकाच कागदाची, सारख्याच नगांची चार छोटी कामं एका शीटवर बसवली तर चार वेळा प्लेटा आणि चार वेळा मशीन लावण्याऐवजी एकदाच होतं. एक खबरदारी घ्या: शीटवर एकाच पट्ट्यात गडद पार्श्वभूमीचं आणि अगदी फिकट रंगाचं काम शेजारी ठेवू नका. एकाची शाई वाढवली की दुसऱ्याचा रंग बिघडतो. ज्यांच्या कंपनीचा रंग काटेकोर जुळायला हवा त्यांचं काम एकत्र शीटवर घेऊच नका. खास रंगाच्या शाया असतील तर फिकटाकडून गडदाकडे जा, रोलर धुण्याचा वेळ वाचतो.

विक्री वाढली, शिल्लक नाही, याचं कारण शोधायला ग्राहकांची यादी विक्रीच्या क्रमानं लावू नका. विक्रीतून कागद, प्लेट, शाई, बाहेरचं लॅमिनेशन असा त्या कामाचाच थेट खर्च वजा करा, आणि उरलेल्याला त्या ग्राहकावर तुमचे स्वतःचे किती तास गेले त्यानं भागा. समजा एक ग्राहक महिन्याला १०० एककांचं काम देतो, ४० उरतात, तुमचे दोन तास जातात: तासाला वीस. दुसरा १६० एककांचं देतो, ४८ उरतात, पण फेऱ्या आणि फोन धरून आठ तास जातात: तासाला सहा. विक्रीच्या यादीत दुसरा वर दिसतो, आणि सणावाराला सवलतही बहुधा त्यालाच मिळते. तुमच्याकडे तास कमी आहेत, ऑर्डरी नाहीत. म्हणून मोजायचं ते तासांवर.

दर वाढवायची भीती वाटते तिथेही आकडे हातात घ्या. शंभराच्या कामात थेट खर्च साठ असेल तर चाळीस उरतात. दर दहा टक्के वाढवला तर पन्नास उरतील. म्हणजे पाचातलं एक काम गेलं तरी हातात तेवढंच येतं, आणि तुमच्या टेबलावरच्या एक पंचमांश खेपा कमी होतात. उलट दहा टक्के सवलत दिली तर तीसच उरतात, आणि आधीइतकंच मिळवायला एक तृतीयांश काम जास्त करावं लागतं. गेल्या वर्षी विक्री सवलतींवर वाढली असेल तर तुमचं कोडं इथेच सुटतं, जुनी बिलं काढून बघा. वाढ सगळ्यांना एकदम करू नका. तासाला सर्वांत कमी देणाऱ्या दहा जणांपासून सुरू करा. त्यातले काही जातील, आणि ते जाणं धरूनच हिशेब केलेला आहे.

नकार देताना लांबलचक कारणं नकोत. 'या तारखेला मला हे नीट करून देता येणार नाही. अमुक तारखेला नक्की देईन. त्याआधीच हवं असेल तर आजच दुसरीकडे विचारा, म्हणजे तुमची अडचण होणार नाही.' इतकंच. लोक दुसरीकडे जातील म्हणता, पण पाच सांगून बारा दिवस लावल्यावरही ते जातातच, फक्त न सांगता. घाईच्या कामांसाठी रोज एकच लाल कार्ड ठेवा, वाढीव दराचं. दुसरं घाईचं काम आलं तर उद्याची जागा. लाल कार्डं तीन झाली की कुठलंच लाल राहत नाही.

आता आळसाचा मुद्दा. तुम्ही आठवड्याला बहात्तर तास काम करता. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हेल यांनी २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला सुमारे एकोणपन्नास तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, त्यापुढे वाढ मंदावत गेली, आणि सत्तर तासांचं उत्पादन छप्पन्न तासांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. ते हातांचं काम होतं, तुमचं डोळ्यांचं आणि निर्णयांचं आहे. दमलेल्या हातांना वेग कमी झाल्याचं कळतं तरी. दमलेल्या डोळ्यांना चुका कळत नाहीत. तुम्ही जास्त तास बसता ते जबाबदारीपोटी, यात मला शंका नाही. त्याच जबाबदारीसाठी संध्याकाळचे तास सोडून द्या असं माझं सांगणं आहे.

बिघडेल ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मर्यादेमुळे एखाद्या दुपारी डिझायनर रिकामा दिसेल आणि तुमच्या जिवाला लागेल. चटकन एक कार्ड आत सोडावंसं वाटेल. सोडू नका. त्या वेळात त्याला दरांचा तक्ता, नेहमीच्या मापांचे साचे, जुन्या ग्राहकांच्या लोगोच्या नीट फायली करायला द्या. सवयीनं लोक विचारायला येतील तेव्हा उत्तर न देता 'तक्ता काय म्हणतो?' असं विचारा. तक्त्यात उत्तर नसेल तरच सांगा, आणि सांगितलेलं लगेच तक्त्यात लिहा. तुमचा मोकळा झालेला वेळ नव्या ऑर्डरींनी भरायचा मोह सगळ्यात मोठा असेल. रोजचा निदान दीड तास पहिले तीन महिने रिकामाच राखून ठेवा.

येत्या सोमवारपासून पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त मोजा. दर शनिवारी संध्याकाळी तीनच आकडे लिहा: उघडी कामं किती, मंजुरीपासून माल जाईपर्यंत सरासरी किती दिवस, आणि तुमच्या टेबलावर किती खेपा आल्या. दुसऱ्या आठवड्यात दरांचा तक्ता, तिसऱ्यात फळा आणि मर्यादा. पहिल्या प्रूफची खेप सहाव्या आठवड्याच्या आधी सोडू नका. दोन मोठे बदल एकदम केले की काय बिघडलं ते कळत नाही. तीन महिन्यांनी उघडी कामं तीसच्या आसपास असतील, तुमच्या खेपा रोज सहा-सात असतील, आणि तरीही 'थांबलेली' या रकान्यात महिनाभर सतत वीसहून जास्त कार्डं दिसत असतील, तर डिझायनर ठेवायची वेळ आली. तेव्हा त्याला पहिल्या दिवशी द्यायला तक्ता, दहा ओळींची यादी आणि फळा तुमच्याकडे तयार असेल.